आला तसा आवाज जपू या



तुळशीचं लग्न झालं की पनवेलच्या आजूबाजूच्या गावांत मांडव पडायला लागतात. गेल्या वर्षी आमच्या एका गटातल्या ताईंच्या घरी लेकीचं लग्न होतं. हळदीच्या रात्री डीजे थांबवून ताई म्हणाल्या, "आता आजींचा धवला लावा." सगळे गप्प झाले. आजी त्याच पावसाळ्यात गेल्या होत्या. त्या गावच्या जुन्या धवलारीण. आगरी घरांत धवलारणीला काय मान असतो ते आम्ही सांगायला नको. पूर्वी तर धवलारणीच लग्न लावायच्या.

मे महिन्यात त्यांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम एका रेडिओ केंद्रावरून लागला होता. घरात रेडिओ नव्हता, पण ते केंद्र इंटरनेटवरही ऐकू येत होतं. म्हणून नातीने एका मोबाइलवर कार्यक्रम लावला आणि दुसरा मोबाइल त्याच्याजवळ धरून रेकॉर्डिंग केलं. तीच फाइल हळदीला मोठ्या स्पीकरवर लावली.

आणि काय ऐकू आलं? आधी पंख्याची घरघर. मग कुकरची शिट्टी. मग काकूंचा आवाज, "गॅस बारीक कर गं." या सगळ्याच्या मागे, लांब कुठेतरी विहिरीतून आल्यासारखा आजींचा आवाज. चाल कळत होती, शब्द कळत नव्हते. दोन मिनिटांनी ताईंनीच हात करून बंद करायला सांगितलं. त्या रात्री कोणी कोणाला काही बोललं नाही. पण ती नात मांडवाच्या मागे जाऊन रडत होती, ते आम्ही पाहिलं.

तिची चूक नव्हती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्हालाही तेव्हा माहीत नव्हतं. त्यानंतर आम्ही गटातल्या चार-पाच जणींनी हे शिकून घेतलं. कॉलेजला जाणाऱ्या मुलींना विचारलं, केंद्रावरच्या तंत्रज्ञ दादांना विचारलं, दोनदा-तीनदा चुकलो. जे शिकलो ते आज तुम्हाला सांगायचं आहे. इंटरनेटवर लागणारा रेडिओ आवाज न बिघडवता जपून कसा ठेवायचा, हा आजचा विषय.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्यासारख्या सामुदायिक रेडिओ केंद्रांना सरकारचे नियम असतात. त्यात असं आहे की प्रसारित केलेला प्रत्येक कार्यक्रम केंद्राने तीन महिने जपून ठेवायचा. तीन महिने. त्यापुढे ठेवायचं बंधन नाही. जागा कमी पडली की जुन्या फाइली पुसल्या जातात. आम्ही डिसेंबरमध्ये त्या केंद्रावर फोन केला तेव्हा मेमधला कार्यक्रम गेलेला होता. त्यांनी नियम मोडला नव्हता. आम्हीच उशिरा जागे झालो होतो. म्हणजे आपल्या आईचा, सासूचा, गावातल्या सुईणीचा किंवा धवलारणीचा आवाज कायम राहावा असं वाटत असेल, तर ते काम दुसरं कोणी करणार नाही. ते आपल्यालाच करावं लागेल.

आवाज जपला की काय होतं, याचं मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या. आधी त्या वहीत उतरवून घेतल्या. पुढे १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या मदतीने कित्येक बायकांचे आवाज चांगल्या यंत्रावर रेकॉर्ड झाले. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ओव्या आवाजासह येऊ लागल्या. त्यातल्या काही बायका आज हयात नाहीत. पण त्यांची ओवी ऐकताना शब्द न् शब्द कळतो, श्वास घेतलेला कळतो. वहीत फक्त शब्द राहतात. गळा राहतो तो रेकॉर्डिंगमध्ये, आणि तोही रेकॉर्डिंग नीट असेल तरच.

आता आवाज बिघडतो कसा, ते समजून घेऊ. बँकेत कर्जाची फाइल द्यायला आपण आधार कार्डाची झेरॉक्स काढतो. मूळ कार्डाची झेरॉक्स स्वच्छ येते. पण घाईत आपण जुन्या झेरॉक्सचीच झेरॉक्स काढतो, मग तिचीही काढतो. चौथ्या वेळी फोटोच्या जागी काळा डाग उरतो आणि बँकेतले साहेब कागद परत करतात. आवाजाचं अगदी तसंच आहे.

इंटरनेटवरचा रेडिओ आपल्यापर्यंत येतो तेव्हा केंद्राने तो आधीच दाबून लहान केलेला असतो. नाहीतर आपला डेटा पुरणार नाही. एमपी३ आणि एएसी या दाबण्याच्या दोन मुख्य पद्धती. कानाला फारसं जाणवणार नाही असं काही त्यात काढून टाकलेलं असतं, आणि काढलेलं परत येत नाही. ही झाली पहिली झेरॉक्स. ती काढणं आपल्या हातात नाही. मोबाइलच्या स्पीकरसमोर दुसरा मोबाइल धरला की दुसरी झेरॉक्स निघते, आणि तिच्यात घरातला सगळा गोंगाट शिरतो. मग कोणी त्यावर आजींचा फोटो लावून व्हिडिओ बनवतं, ती तिसरी. तो व्हिडिओ व्हॉट्सॲपवर जाताना आणखी दाबला जातो, ती चौथी. आमच्या आजींचा धवला याच वाटेने गेला.

यावर उपाय एकच, आणि तो सोपा आहे. जी फाइल इंटरनेटवरून येते, ती जशी येते तशीच ठेवायची. पुन्हा दाबायची नाही, बदलायची नाही, स्पीकरमधून बाहेर काढून पुन्हा माइकमधून आत घ्यायची नाही.

हे करायला महागडं यंत्र लागत नाही. आमच्याकडे गटाच्या हिशोबासाठी घेतलेला एक जुना लॅपटॉप आहे. त्यात व्हीएलसी नावाचा फुकट मिळणारा प्लेअर टाकला. तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या मुलांनी सिनेमे बघायला तो आधीच टाकलेला असेल. त्यात काय करायचं, ते आता हळूहळू सांगतो. वही-पेन घ्या.

पहिली गोष्ट, स्ट्रीमचा पत्ता मिळवा. स्ट्रीम म्हणजे इंटरनेटवरून सतत वाहत येणारा आवाज. प्रत्येक केंद्राच्या स्ट्रीमला एक पत्ता असतो. केंद्राला फोन करून सांगा, "आम्हाला व्हीएलसीमध्ये लावायला स्ट्रीमचा पत्ता हवा आहे." बहुतेक केंद्रं आनंदाने देतात.

दुसरी गोष्ट, व्हीएलसी उघडून 'मीडिया' या मेनूमध्ये 'ओपन नेटवर्क स्ट्रीम' वर जा आणि तिथे तो पत्ता टाका. प्ले केलं की रेडिओ सुरू होतो.

तिसरी गोष्ट, 'व्ह्यू' मेनूमध्ये 'ॲडव्हान्स्ड कंट्रोल्स' वर टिचकी मारा. खाली एक लाल गोल बटण दिसू लागेल. ते दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, पुन्हा दाबलं की बंद. फाइल संगणकाच्या 'म्युझिक' किंवा 'व्हिडिओज' या फोल्डरमध्ये जाऊन बसते.

या पद्धतीची गंमत अशी की व्हीएलसी इथे ऐकून लिहून घेत नाही, येणारा माल जसाच्या तसा पिशवीत भरतो. त्यामुळे लॅपटॉपचा आवाज पूर्ण बंद ठेवला तरी रेकॉर्डिंग नीट होतं. कुकरच्या कितीही शिट्ट्या होऊ द्या, शेजारी मिक्सर लावा, आत काही जात नाही. फक्त मध्येच पॉज दाबू नका.

फाइल किती मोठी होईल अशी काळजी असते. ६४ केबीपीएसचा रेडिओ असेल तर एका तासाला सुमारे २९ एमबी होतात. १२८ चा असेल तर सुमारे ५८ एमबी. एवढं एखाद्या लग्नाच्या छोट्या व्हिडिओलाही पुरत नाही. केबीपीएस म्हणजे दर सेकंदाला किती माहिती येते, त्याचं माप. आपला रेडिओ किती केबीपीएसचा आहे हे व्हीएलसीच्या 'टूल्स' मेनूमध्ये 'कोडेक इन्फर्मेशन' इथे सहसा दिसतं.

इथे एक चूक आम्ही केली होती, ती तुम्ही करू नका. कोणीतरी सांगितलं, "एमपी३ चांगली नसते, वेव्ह फाइल करा." आम्ही ६४ केबीपीएसच्या फाइलची वेव्ह फाइल केली. ती वीस पट मोठी झाली आणि आवाज तोच राहिला. पिशवी मोठी घेतली म्हणून पीठ वाढत नाही. गव्हाचं एकदा पीठ झालं की ते मोठ्या डब्यात ठेवा नाहीतर छोट्या, त्याचा पुन्हा गहू होत नाही. म्हणून आली ती फाइल तशीच ठेवा. तिचं 'कन्व्हर्ट' करणं म्हणजे नुसती जागा अडवणं, आणि लहान एमपी३ मध्ये कन्व्हर्ट केली तर नुकसानच.

आता स्ट्रीमचा पत्ता मिळालाच नाही तर? काही वेळा रेडिओ फक्त केंद्राच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्येच वाजतो. अशा वेळी ऑडासिटी हा दुसरा फुकटचा प्रोग्राम कामी येतो. विंडोजच्या संगणकावर त्यात 'विंडोज वासापी' निवडायचं आणि रेकॉर्डिंगसाठी 'लूपबॅक' असं लिहिलेलं साधन निवडायचं. मग संगणकातून जो आवाज बाहेर पडणार असतो तो आतल्या आतच पकडला जातो, माइक मध्ये येत नाही. इथे मात्र फाइल वेव्ह किंवा फ्लॅक म्हणूनच साठवा, कारण एमपी३ केली तर ती पुन्हा दाबली जाईल. वेव्हला एका तासाला साधारण ६०० एमबी लागतात. फ्लॅक काहीही न गमावता त्याच्या निम्म्याच्या आसपास जागेत बसते. आणि हो, या पद्धतीत संगणकातला प्रत्येक आवाज रेकॉर्ड होतो. आमच्या एका मुलाखतीत मध्येच व्हॉट्सॲपचा टिंग आवाज आहे. तेव्हा बाकी सगळं बंद करून ठेवा.

लॅपटॉपच नसेल तर मोबाइलवरही बरंच करता येतं. काही रेडिओ ॲपमध्ये रेकॉर्डिंगची सोय असते, ती आधी बघा. नसेल तर हल्लीच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनमधल्या स्क्रीन रेकॉर्डरमध्ये 'डिव्हाइस साउंड' किंवा 'इंटर्नल साउंड' असा पर्याय असतो. तो निवडला की माइक बंद राहतो आणि फोनच्या आतला आवाज घेतला जातो. सगळी ॲप त्याला परवानगी देत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी करून बघा. हे व्हीएलसीइतकं चोख नाही, पण दोन मोबाइल समोरासमोर धरण्यापेक्षा शंभर पटीने बरं.

आता कार्यक्रमाच्या दिवसाची तयारी. इंटरनेटवरचा रेडिओ एफएमच्या थोडा मागे चालतो, कधी अर्धा मिनिट, कधी जास्त. म्हणून कार्यक्रम अकराला असेल तर पावणेअकरालाच बटण दाबा आणि संपल्यावरही दहा मिनिटं चालू ठेवा. लॅपटॉप चार्जरवर लावा आणि सेटिंगमध्ये जाऊन त्याचं आपोआप झोपणं बंद करा. आमचा लॅपटॉप विसाव्या मिनिटाला झोपला होता, आणि तेव्हा नेमकी चांगली गोष्ट सुरू झाली होती. नेट तुटलं तर रेकॉर्डिंगमध्ये खड्डा पडतो. व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये 'नेटवर्क कॅशिंग' ची वेळ असते, ती वाढवून ५००० किंवा १०००० मिलिसेकंद केली तर छोटे झटके पचतात. तरी महत्त्वाचा कार्यक्रम असेल तर दोन घरांत, दोन वेगळ्या कंपन्यांच्या नेटवर, दोघीजणींनी रेकॉर्ड करा. एकीचं तुटलं तर दुसरीचं असतं. बचत गटाचं तत्त्व इथेही लागू पडतं.

सुरुवातीची दोन मिनिटं झाली की एक छोटी चाचणी फाइल कानाला हेडफोन लावून ऐका. 'स' आणि 'श' ही अक्षरं नीट ऐका. ती पाण्याखालून आल्यासारखी वाटली तर कुठेतरी फाइल जास्त दाबली जाते आहे असं समजा.

पुढे-मागे नको असलेला भाग कापायचा असेल तर मूळ फाइल तशीच ठेवून तिच्या प्रतीवर काम करा. एमपी३ फाइल असेल तर एमपी३डायरेक्टकट नावाचा प्रोग्राम ती पुन्हा न दाबता कापतो. कोणाला पाठवायची असेल तर व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, व्हिडिओ करून नको. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल आहे तशीच पोचते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जिचा कार्यक्रम झाला ती आपल्याच गावची, आपल्याच केंद्रावर बोललेली असेल, तर स्ट्रीमवर थांबू नका. स्ट्रीम ही पहिली झेरॉक्स आहे. मूळ कागद केंद्राकडे असतो, म्हणजे स्टुडिओत रेकॉर्ड केलेली फाइल. तीन महिन्यांच्या आत पेनड्राइव्ह घेऊन केंद्रावर जा आणि नम्रपणे मागा. आपल्या बाईचा आवाज आपल्याला देताना कोणाचं काही जात नाही.

नियमांचंही बोलायला हवं. रेडिओ केंद्राच्या प्रसारणावर केंद्राचा हक्क असतो. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, आणि त्यानुसार हा हक्क २५ वर्षं राहतो. पण त्याच कायद्यात अशी मोकळीक आहे की स्वतःच्या खाजगी वापरासाठी, किंवा निव्वळ शिकवण्यासाठी आणि संशोधनासाठी, प्रसारण रेकॉर्ड करता येतं. म्हणजे घरी जपायला, नातवंडांना ऐकवायला हरकत नाही. ते यूट्यूबवर टाकायचं, विकायचं किंवा दुसऱ्या कार्यक्रमात वापरायचं असेल तर केंद्राची परवानगी घ्या. आणि कायद्याच्याही आधी, जिचा आवाज आहे तिला विचारा. ती नसेल तर तिच्या घरच्यांना विचारा. काही धवले मांडवातच म्हणायचे असतात असं मानणाऱ्या आज्या आहेत. त्यांचा शब्द मोठा.

रेकॉर्डिंग झाल्यावर फाइलला नाव द्या. 'न्यू रेकॉर्डिंग ४' असं ठेवलं तर वर्षभराने आपल्यालाच कळत नाही. आम्ही आधी तारीख, मग गाव, मग कार्यक्रम असं लिहितो. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या गटाकडे ठेवतो. पेनड्राइव्ह कधीतरी दगा देतो, म्हणून वर्षातून एकदा सगळ्या फाइली उघडून बघतो. बचत गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित नोंदी. नोंद नसेल तर बचतही नाही, हे आपण बायकांनी कष्टाने शिकलोय. आवाजाचीही तशीच नोंद ठेवायची, एवढंच.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशासाठी? तर ऐका. यंदा फेब्रुवारीत शेजारच्या गावातल्या दुसऱ्या एका धवलारीण आजींचा कार्यक्रम झाला. त्या पंच्याहत्तरीच्या पुढच्या आहेत. या वेळी आम्ही तयारीत होतो. दोन घरांत रेकॉर्डिंग लावलं होतं. एका घरची लाइट गेली, दुसरीकडचं पूर्ण मिळालं. आठवड्याभरात केंद्रावर जाऊन मूळ फाइलही आणली. मग ती लॅपटॉपवर आजींनाच ऐकवली. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "इथे मी चुकले. पुन्हा घे." आम्ही सगळ्या हसलो. पण तेवढं स्वच्छ ऐकू आलं, म्हणून तर त्यांना चूक कळली.

त्या दिवशी आमच्याबरोबर ती नातही होती, मांडवामागे रडलेली. लाल बटण तिनेच दाबलं होतं. तिच्या आजींचा आवाज आता परत येणार नाही, हे तिला माहीत आहे. ती आता या आजींकडे धवले शिकायला जाते. ऐकते, लिहून घेते, अडलं की फाइल पुन्हा लावते.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक ठराव करा. प्रत्येक गटातून एकीने ही जबाबदारी घ्यायची. आपल्या गावात कोणाचा आवाज अजून रेकॉर्ड व्हायचा राहिला आहे, त्यांची नावं इतिवृत्ताच्या वहीत लिहा. त्यांना केंद्रावर घेऊन या. आणि त्यांचा कार्यक्रम लागेल तेव्हा पावणेअकरालाच बटण दाबा.